संजीवन सभा संपल्यावर

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: "मी एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. घरी पती, सासूबाई आणि दोन शाळकरी मुले आहेत. काही महिन्यांपूर्वी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तीन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठीची सभा, झाली. शेवटच्या रात्री मी पुढे जाऊन गुडघे टेकले, खूप रडले आणि माझे जीवन नव्याने प्रभूच्या हाती दिले. त्यानंतर काही आठवडे माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करण्याचा नेम मी धरला. आता मात्र तो आनंद ओसरला आहे. प्रार्थनेला बसले की डुलकी लागते, मुलांवर पूर्वीपेक्षा जास्त ओरडते, सासूबाईंना तोडून बोलते. 'सभेत रडून आलीस, पण घरात तीच आहेस,' असे पती म्हणतात. कार्यालयात वरिष्ठांच्या सांगण्यावरून अजूनही कागदांवर मागच्या तारखा घालते. शिवाय एक जुनी गोष्ट मनातून जात नाही. सासूबाईंचा एक दागिना जाऊबाईंनी नेला असे मी नातेवाइकांसमोर बोलले होते. पुढे तो आमच्याच कपाटात सापडला, पण मी ते कोणालाही सांगितले नाही, आणि तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. माझा अनुभव खोटा होता का? पुन्हा अशा सभेला जाऊ का? पुढच्या महिन्यात सभा आहे आणि पाळकसाहेबांनी मला तेथे साक्ष द्यायला, म्हणजे माझा अनुभव सर्वांसमोर सांगायला, सांगितले आहे."

ख्रिस्तात प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. तुमच्या पत्रात पहिला प्रश्न अनुभवाच्या खरेखोटेपणाचा आहे, आणि त्याचे उत्तर मी देऊ शकत नाही, कारण दुसऱ्याच्या अश्रूंवरून त्याच्या अंतःकरणाची परीक्षा करण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नाही. मात्र ज्या पुराव्यावरून तुम्हाला तो अनुभव खोटा वाटू लागला आहे, तो पुरावाच मला लंगडा वाटतो. आनंद ओसरला म्हणून देव निघून गेला, असे तुम्ही गृहीत धरले आहे. पवित्र शास्त्रात किंवा मंडळीच्या इतिहासात या गृहीताला आधार सापडत नाही.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक, इंग्रज उपदेशक जॉन वेस्ली यांचे उदाहरण घ्या, कारण सभेतील अनुभवाविषयी बोलताना त्यांचे नाव हमखास निघते आणि गोष्ट बहुधा अर्धीच सांगितली जाते. 24 मे 1738 रोजी लंडनमधील आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहान सभेत, बायबलमधील रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाले असे त्यांनी रोजनिशीत नोंदवले. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. मात्र त्याच रोजनिशीत 4 जानेवारी 1739 रोजी, म्हणजे आठ महिनेही झाले नव्हते तेव्हा, मी आजही ख्रिस्ती नाही, अशा अर्थाची नोंद त्यांनी स्वतः केली आहे. अपेक्षित प्रेम, शांती आणि आनंद आपल्या ठायी सापडत नाही, ही त्यांची तक्रार होती. यानंतर त्यांनी काम थांबवले नाही. 1791 साली मृत्यू येईपर्यंत ते उपदेश करीत फिरले, आणि त्या उबदार रात्रीचा खरा अर्थ त्यानंतरच्या अर्धशतकात उलगडत गेला. तुम्ही अजून काही महिन्यांतच निकाल मागत आहात.

एलीयाची कथा तर तुमच्या स्थितीला आणखी जवळची आहे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, लोक पालथे पडले, आणि लगेचच हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला त्या वेळी उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र त्याच्या उशाशी ठेवले, त्याला खाऊ दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढचे सारे संभाषण त्यानंतरचे आहे (1 राजे 19). म्हणून तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट मी आधीच सांगून टाकतो: पहाटे चारचा नेम सोडा. दिवसभर कार्यालय, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास असलेली व्यक्ती रात्री उशिरा निजून चारला उठू लागली, तर आठवडाभरात तिचा स्वभाव चिडका होणारच, आणि त्यात सैतानाचा हात शोधण्यापूर्वी झोपेचे तास मोजावेत. तुमच्या नेमाची किंमत सध्या तुमची मुले आणि सासूबाई भरत आहेत. भरपूर झोप मिळूनही ही उदासी कित्येक आठवडे तशीच राहिली, तर डॉक्टरांना भेटा. तसे करणे अविश्वासाचे लक्षण नाही.

नेम सोडा म्हणजे प्रार्थना सोडा असे मात्र नव्हे. मार्टिन ल्यूथर यांनी 1529 साली सामान्य कुटुंबांसाठी जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यातील सकाळचा क्रम पाहण्याजोगा आहे: उठल्यावर क्रूसाची खूण, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, वाटल्यास आणखी एक छोटी प्रार्थना, आणि मग आनंदाने कामाला लागणे. रात्रीही जवळजवळ हेच, आणि त्यानंतर लगेच निश्चिंत मनाने झोपी जाणे. धर्मसुधारणेच्या या पुढाऱ्याला गृहस्थाकडून इतकेच अपेक्षित होते, ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. तुम्ही सकाळी पंधरा-वीस मिनिटे घ्या, त्यात एक स्तोत्र मोठ्याने वाचा, आणि शब्द सुचत नसतील तर ते स्तोत्रच तुमची प्रार्थना समजा. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. कोरड्या मनाने देवापुढे बसणाऱ्यासाठी ती लिहून ठेवलेली आहेत. पोटात आनंद नसताना ओठांवर हर्षगीत आणण्याची सक्ती तेथे नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुमच्या पत्रात नवीकरणाविषयी जे जे आहे ते सर्व भावनेच्या भाषेत आहे: आनंद, अश्रू, कोरडेपणा. आणि जे जुने आहे ते सर्व कृतीच्या भाषेत आहे: ओरडणे, खोटी तारीख, जाऊबाईंवरचा आळ. प्रेषित पौल यांची विभागणी अशी नाही. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात जुना मनुष्य काढून टाकण्याची आणि नवा मनुष्य धारण करण्याची भाषा येते, आणि पुढच्याच ओळीपासून ते लबाडी, राग, चोरी आणि तोंडातून निघणारे शब्द यांविषयी बोलू लागतात. शिवाय प्रत्येक ठिकाणी केवळ सोडण्याची आज्ञा देऊन ते थांबत नाहीत; सोडलेल्या गोष्टीच्या जागी काय करायचे तेही सांगतात. चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी एवढ्यावर त्यांचे समाधान नाही. त्याने स्वतःच्या हातांनी श्रम करावेत, आणि तेही गरजवंताला देण्यासाठी आपल्याजवळ काही असावे म्हणून (4:28). घेणारा हात देणारा झाला, तेव्हा कुठे ते काम पूर्ण झाले. पाचव्या अध्यायातही आत्म्याने परिपूर्ण होण्याची आज्ञा आहे, आणि तिच्यापाठोपाठ गाणी, उपकारस्तुती आणि एकमेकांच्या अधीन राहणे येते, व तेथून थेट पती-पत्नी, आईबाप-मुले, धनी-चाकर. आत्म्याने भरलेला मनुष्य सभेत कसा दिसतो याचे वर्णन करण्यापेक्षा तो घरात कसा वागतो, याला पौलांनी अधिक जागा दिली आहे.

यावरून ओरडण्याविषयी एक व्यवहार्य गोष्ट निघते. 'मी ओरडणार नाही' हा निश्चय टिकत नाही, कारण त्यात रिकामी जागा राहते आणि सवय तेथे परत येऊन बसते. तुम्ही कोणत्या वेळी ओरडता ते आधी पाहा. बहुतेक घरांत हा प्रसंग रोज त्याच वेळी आणि त्याच कारणावरून घडतो. तुमच्याकडे तो शाळेच्या तयारीचा असेल किंवा संध्याकाळी तुम्ही दारातून आत पाऊल टाकता तो असेल. त्या एका प्रसंगापुरते काय बोलायचे ते आदल्या रात्री ठरवून ठेवा, आणि त्या प्रसंगात शिरण्यापूर्वी एका वाक्याची प्रार्थना करा. ज्या दिवशी चुकाल, त्या दिवशी झोपण्यापूर्वी मुलांची माफी मागा. 'पण तू असे केलेस म्हणून' हे शेपूट न जोडता मागा. माफी मागणारी आई पाहून मुले बिघडतात, अशी भीती काही घरांत असते. पश्चात्ताप म्हणजे काय हे रविवारच्या शाळेत मुलांना शब्दांत सांगितले जाते. घरी त्यांना तो पाहायला मिळेल. सासूबाईंच्या बाबतीतही हाच मार्ग आहे, फक्त तेथे तुम्ही बोलणे कमी करण्यापेक्षा ऐकणे वाढवा, असे मी सुचवीन.

पतींच्या टोमण्याविषयी थोडक्यात. पत्रावरून तरी टोमण्यापलीकडे काही दिसत नाही, म्हणून एवढेच म्हणतो की काही महिने घरात सभेविषयी बोलू नका. वचन न ऐकणारे पती पत्नीच्या आचरणावरून, शब्दांवाचून मिळवले जातात, असे पेत्र लिहितात (1 पेत्र 3:1). आणि खरे सांगायचे तर तुमच्या पतींचे वाक्य बोचरे असले तरी त्यात एक कसोटी आहे, आणि ती कसोटी पवित्र शास्त्राला मान्य असलेलीच आहे.

जाऊबाईंचा विषय तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिला आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रात सर्वांत महत्त्वाचे तेच आहे, आणि तुमच्या कोरडेपणाची मुळे पहिल्यांदा तेथे शोधायला हवीत. वेदीजवळ अर्पण आणलेले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्यास जावे, असे प्रभू सांगतात (मत्तय 5:23-24). येथे दोष आठवणाऱ्याचा आहे आणि पुढाकारही त्याचाच. तुम्ही मात्र ती आठवण प्रत्येक पहाटे सोबत घेऊन बसता आणि प्रार्थनेत चित्त का लागत नाही असे विचारता.

जक्कया या जकातदाराकडे पाहा. तो झाडावर चढला हे चिमुकल्यांनाही ठाऊक असते, पण लूक 19 मधला खरा प्रसंग तो उतरल्यावर, त्याच्या घरी घडतो. अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, असे तो म्हणतो. नियमशास्त्राप्रमाणे लबाडीने घेतलेली वस्तू कबूल करून परत करणाऱ्याला मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा लागे (लेवीय 6:5, गणना 5:7). चौपट भरपाई चोरलेले मेंढरू मारले वा विकले तर होती (निर्गम 22:1). म्हणजे जक्कयाने आपला गुन्हा हलका करून मांडला नाही, जड करून मांडला. आणि हे तो उघडपणे, त्याच्याविषयी कुरकुर करणाऱ्या लोकांच्या गावात बोलला. 'आज या घराला तारण प्राप्त झाले आहे' हे शब्द प्रभूंनी त्यानंतर उच्चारले.

तुम्ही जाऊबाईंचे पैसे घेतले नाहीत, नाव घेतले. म्हणून परत करायचे आहे ते नावच. त्यांच्याकडे समक्ष जा आणि सरळ सांगा की मी तुमच्यावर आळ घेतला, तो खोटा होता, दागिना आमच्या कपाटात निघाला, आणि हे कळूनही मी गप्प राहिले. गप्प राहिल्याची कबुली वगळू नका. आळ कदाचित गैरसमजातून आला असेल, पण मौन समजून-उमजून होते, आणि त्यांना अधिक लागलेले तेच असण्याची शक्यता आहे. सभेचा उल्लेख तेथे करू नका. 'प्रभूने मला बदलले म्हणून आले आहे' हे वाक्य कितीही खरे असले, तरी ऐकणाऱ्याला त्यात पुन्हा तुमचीच कथा ऐकू येते आणि तिने क्षमा न केल्यास ती प्रभूच्या कामात आडवी आली असे होते. त्यानंतर ज्या नातेवाइकांसमोर तुम्ही आळ घेतला होता, त्या प्रत्येकाला सत्य सांगा. हा भाग लाजिरवाणा आहे आणि तो टाळून खासगी माफीवर भागवण्याचा मोह होईल. परंतु चारचौघांत घालवलेले नाव चारचौघांतच परत करावे लागते. सासूबाईंनाही हे आधी सांगा, कारण दागिना त्यांचा होता.

जाऊबाई दार उघडतील, रडतील, की चार शब्द सुनावतील, हे तुमच्या हाती नाही. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा, असे रोमकरांस पत्रात म्हटले आहे (12:18), आणि त्या वचनात 'तुमच्याकडून' या मर्यादेला जागा आहे. त्या क्षमा करण्यास वेळ घेतील तर तो त्यांचा हक्क समजा. आठवड्याने पुन्हा जाऊन 'माफ केले ना?' असे विचारू नका.

कार्यालयातील तारखांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे सत्याची किंमत पगारात मोजली जाऊ शकते, आणि 'विश्वास ठेवा, सर्व ठीक होईल' असे लिहून मी मोकळा होऊ इच्छित नाही. या बाबतीत वेस्लींच्याच मंडळ्यांकडे पुन्हा वळतो. 1743 साली त्यांनी आपल्या लोकांसाठी जे सर्वसाधारण नियम छापले, त्यांत उपासना आणि प्रार्थना तर होत्याच, पण जकात चुकवलेल्या मालाची खरेदी-विक्री करू नये हा नियमही होता. चोरटा माल सर्रास विकला जाणाऱ्या त्या काळात हा नियम पाळणाऱ्याला चहासुद्धा महाग पडला असेल. संजीवन झाले आहे की नाही हे जकातीच्या पावतीवरही दिसावे, अशी ती दृष्टी होती, आणि मला ती योग्य वाटते.

तुम्ही मात्र एकदम आरोपाच्या सुरात बोलू नका. इतके दिवस त्या तारखा तुमच्याच हाताने पडल्या आहेत. आधी पतींशी बोला, कारण परिणाम झाला तर तो घराच्या उत्पन्नावर होईल आणि त्यांना तो अचानक कळणे अन्यायाचे ठरेल. मग वरिष्ठांना नम्रपणे सांगा की यापुढे मी नोंदीवर प्रत्यक्ष दिवसाचीच तारीख घालीन आणि उशिराचे कारण शेऱ्यात लिहीन. पुष्कळदा मागची तारीख ही कोणाच्या कारस्थानापेक्षा आळसाची सोय असते, आणि पर्याय समोर ठेवला की ती सुटते. तुमच्या बाबतीत तसे नसेल, त्यामागे पैशांची अफरातफर असेल, तर एकट्याने पाऊल उचलू नका. कायदा जाणणाऱ्या विश्वासू व्यक्तीचा सल्ला घ्या. झाल्या नोंदींचे काय करायचे तेही तिलाच विचारा. नोकरीवर गदा येण्याची शक्यता उरतेच, आणि ती शक्यता मान्य करूनच हा निर्णय घ्यावा लागेल.

हे सर्व एकटीने पेलणारे नाही. 1742 साली वेस्लींच्या ब्रिस्टलच्या मंडळीवर इमारतीचे कर्ज झाले होते, तेव्हा प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती घरोघरी जाऊन गोळा करावी, अशी सोय करण्यात आली. पैसे मागायला गेलेल्यांना एका घरी नवरा बायकोशी भांडताना आढळला, दुसरा कोणी दारूच्या नशेत सापडला. वेस्लींनी ओळखले की आपल्याला नेमके हेच हवे होते, आणि कर्जवसुलीच्या त्या व्यवस्थेतून आठवड्याला एकमेकांची विचारपूस करणारे लहान गट तयार झाले. उपदेश ऐकणाऱ्या गर्दीत जे कधीच कळले नसते, ते उंबरठ्यावर कळले. तुमच्या मंडळीत असा गट असेल तर त्यात जा. नसेल तर तुमच्या वयाची किंवा थोडी मोठी अशी एक बहीण शोधा, जी ऐकलेले बाहेर नेणार नाही आणि 'या आठवड्यात मुलांवर किती ओरडलीस? कार्यालयात काय झाले?' असे तोंडावर विचारील. तुमची स्तुतीच करणारी मैत्रीण या कामाला उपयोगी नाही.

कोरडेपणाच्या काळात आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये, असा सल्ला येशूसंघ या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत दिला आहे. ते नियम 1548 साली पोपनी मान्य केले. मंडळी बदलावी, सेवा सोडावी, सारे पहिल्यापासून करावे, असे विचार तुम्हाला या दिवसांत येतील. ते लिहून ठेवा आणि बाजूला ठेवा. पहाटे चारचा नेम सोडून झोप घेणे हा या नियमाला अपवाद समजावा, असे माझे मत.

राहिला पुढच्या महिन्यातील सभेचा प्रश्न. सभेला जरूर जा. वचन ऐकायला, इतरांबरोबर गायला आणि प्रभुभोजन असेल तर ते घ्यायला जा. मागच्या वेळची भावना पुन्हा मिळावी म्हणून मात्र जाऊ नका, कारण ती मिळाली नाही तर तुम्ही पुन्हा स्वतःला खोटे ठरवाल, आणि मिळाली तर जाऊबाईंकडे जाणे आणखी काही महिने पुढे ढकलाल. साक्ष या वेळी देऊ नका. पाळकसाहेबांना खरे कारण सांगा. एका घरी जाणे राहिले आहे, एवढे म्हटले तरी ते समजतील, आणि समजले नाहीत तरी तुमचा नकार योग्यच राहील. पुढे कधी साक्ष देण्याची वेळ आली आणि तिच्यात दागिन्याची गोष्ट येणार असेल, तर आधी जाऊबाईंची परवानगी घ्या. त्यांनी नाही म्हटले, तर ती गोष्ट सांगू नका.

तुमचा,
सल्लागार